रिबिल्ड गिअरबॉक्स बसवायच्या आधी गिअर ऑईल थंड करणाऱ्या कूलरचे पाईप धुवायचे, की नुसती हवा मारून चालेल?

मनीषनगरकर

नमस्कार मंडळी. गाडी डिझेल एसयूव्ही, सहा गिअरची ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग). शिर्डीहून समृद्धीनं परत येताना वर्धा गेल्यावर घसरायला लागली. पाय दिला की आरपीएम वर, गाडी तिथल्या तिथं. शिवमडक्यापर्यंत, म्हणजे समृद्धीच्या नागपूरच्या टोकापर्यंत, कशीबशी आणली, पुढे फ्लॅटबेडवर. चेंबर (बॉक्सखालचं ऑईलचं भांडं) उघडला तर ऑईल काळं, जळका वास, चुंबकांवर जाड लेप.

गिअरबॉक्स बाहेरून रिबिल्ड होऊन येतोय. क्लच प्लेटा, सील सगळं नवीन, कन्व्हर्टरही कापून साफ केलाय. आता वॉरंटीच्या कागदावर लिहिलंय की कूलर लाईन धुतली नसेल तर वॉरंटी नाही. इकडे गाडी जोडणारा मेकॅनिक म्हणतो, "काही लागत नाही साहेब, हवा मारून देतो." कूलर दोन आहेत: एक रेडिएटरच्या टाकीत, दुसरा छोटा, समोर जाळीच्या मागे. बिल आधीच लाखाच्या वर गेलंय, त्यात रेडिएटरचा खर्च वाढवायचा का हा प्रश्न आहे.

धंतोली_डिझेल

रेडिएटर-बिडिएटर काही बदलू नका. दोन लिटर घासलेट घाला, उलटी हवा मारा, झालं. ट्रकवाले आयुष्यभर हेच करतात.

ऑटोमोटिव्ह_चौक

धंतोलीवाले भाऊ, ट्रकच्या मॅन्युअल बॉक्सची गोष्ट वेगळी. माझं कामठी रोडला गिअरबॉक्सचंच काम आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

मेलेल्या बॉक्सचा चुरा जातो कुठं, ते आधी पाहा. चेंबरमधली जाळी पंपाच्या आधी असते. पंपातून निघालेलं ऑईल कन्व्हर्टरमधून फिरून सरळ कूलरला जाते, मधे गाळायला काहीच नाही. म्हणजे कन्व्हर्टरच्या क्लचची भुकटी, जळलेले तंतू, बुशची (शाफ्टभोवतीच्या धातूच्या कड्यांची) चमक, सगळं पहिल्यांदा कूलरमध्ये जाऊन बसते. आणि टाकीतला कूलर म्हणजे साधी नळी नसते. ऑईल घुसळलं जावं, गरमी नीट निघावी म्हणून आत पत्र्याच्या बारीक पाकळ्या असतात. माल तिथं अडकतो. नुसती हवा मारली की ती मोकळी वाट पकडून निघून जाते, अडकलेलं तसंच राहते. पाईपाच्या तोंडाशी ऑईल चकचकीत दिसते आणि मेकॅनिक खूश.

पुढे नवीन बॉक्स लागते, ऑईल तापून पातळ होते आणि तोच माल थोडा थोडा सुटून परत येते. बऱ्याच बॉक्समध्ये परतीचं ऑईल आधी चेंबरमध्ये पडतच नाही, सरळ बुश आणि प्लॅनेटरी गिअरच्या ल्युब्रिकेशनला जाते. म्हणून जाळी नवीन टाकली तरी इथं तिचा उपयोग नाही. आणि कूलर अर्धा चोंदलेला असला तर वेगळीच भानगड: परतीचा प्रवाह कमी, बॉक्स कोरडी फिरून राहिली, वरून आपल्याकडचा मे महिना.

आता धुण्याचं. दोन्ही पाईप बॉक्सकडून मोकळे करा. बॉक्समधून ऑईल बाहेर नेणारा कोणता आणि परतीचा कोणता, हे आधी पक्कं करून खूण करा. पहिली धुलाई उलटी, म्हणजे परतीच्या पाईपातून आत. कचरा ज्या तोंडानं घुसला त्याच तोंडानं बाहेर आला पाहिजे. सुलट मारला तर तो आणखी आत रुततो. दुसऱ्या टोकाला पांढरं फडकं बांधून खाली बादली. पेंटवाल्याकडचं एमटीओ (मिनरल टर्पेंटाईन) वापरा, हवेचे झटके द्या, एकसारखी धार नको. रेग्युलेटर ३० पीएसआयच्या आसपास ठेवा. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची १२० ची हवा थेट लावाल तर टाकीतला कूलर फुटू शकतो, आणि ते लगेच कळणारही नाही. पेट्रोल, थिनर चुकूनही नाही. हे काम उघड्यावर करा, बिडीवाल्या पोराला चहा आणायला पाठवा.

फडकं स्वच्छ येईपर्यंत उलटं, मग सुलट. शेवटी त्याच गाडीला लागणाऱ्या एटीएफनं (ऑटोमॅटिक बॉक्सच्या ऑईलनं) धुवा. पाईपात एमटीओ किंवा घासलेट राहिलं तर ते नवीन क्लचच्या लायनिंगवरच जाते. घासलेटला माझा विरोध एवढ्यासाठीच.

हिंगणा_एमआयडीसी

यात एक जोडतो. समोरचा छोटा कूलर प्लेटवाला आहे का पाहा. त्याच्या आत ऑईल एकाच वेळी बऱ्याच समांतर वाटांनी जातं. त्यातल्या दोन-चार मोकळ्या असल्या की धुण्याचं एमटीओ, हवा सगळं तिथूनच निघतं आणि बुजलेल्या तशाच राहतात. तो सरळ नवीन घ्या. शिवाय काही गाड्यांत लाईनवर थर्मोस्टॅट असतो, थंड असताना तो ऑईल कूलरला जाऊच देत नाही. अशा वेळी तासभर धुतलं तरी कूलर धुतलाच जात नाही, बायपासच चकाचक होतो.

आणि ऑईलचा रंग विचारायचा राहिला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अंबाझरी ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा एका नातेवाईकाच्या गाडीचं गिअर ऑईल गुलाबी लस्सीसारखं, म्हणजे पाणी मिसळलेलं, निघालं होतं. सगळ्यांनी रेडिएटरला दोष दिला. पण कूलंटची पातळी एक थेंब कमी नव्हती, पाणी ब्रीदरमधून (बॉक्सच्या हवेच्या नळीतून) गेलं होतं. तुमचं तसं असेल तर निदानच बदलतं.

मनीषनगरकर

ऑईल काळंच होतं, लस्सी नाही. थर्मोस्टॅट नाही, पाहून घेतलं. समोरचा कूलर प्लेटवालाच आहे, तो बदलतोय.

आज वर्कशॉपला उभा राहून उलटी धुलाई करून घेतली. पहिल्या दोन झटक्यांत नुसतं काळं पाणी. तिसऱ्याला फडक्यावर ओल्या चहापत्तीएवढे तुकडे आले, आणि उन्हात धरलं तर मधूनमधून चमकणारे कण. मेकॅनिकनं फडकं बोटानं चोळून पाहिलं, मग "हवा मारून देतो" हा विषय त्यानं स्वतःच बंद केला. अजूनही बारीक चमक येतेच आहे. काय करू?

ऑटोमोटिव्ह_चौक

रेडिएटर बदला. नुसती राखाडी पेस्ट असती तर मी धुण्यावर भागवा म्हटलं असतं, ती थोडीफार प्रत्येक बॉक्समध्ये सापडते. चमक थांबून नाही राहिली म्हणजे बुश किंवा बेअरिंगचा माल आत खोल आहे. बॉक्सवर लाख गेल्यावर इथं काऊन हात आखडता घ्यायचा? लोखंडी पाईप ठेवा, ते धुऊन साफ होतात. रबरी होज नवीन टाका. जमलं तर परतीच्या लाईनवर चुंबकवाला फिल्टर बसवा, बाणाची दिशा बॉक्सकडे.

बसवल्यावर परतीचा पाईप बॉक्समध्ये जोडायच्या आधी मोजमापाच्या भांड्यात सोडा, न्यूट्रलमध्ये आयडलवर इंजिन चालवा. २० सेकंदांत लिटरभर ऑईल आलं तर वाट मोकळी. धार बारीक असेल तर गाडी रस्त्यावर काढूच नका. एक माणूस चावीवर बसवा, २० सेकंद झाले की लगेच बंद, नाहीतर पंप हवा ओढते. जेवढं बाहेर आलं तेवढं ताजं परत भरा. पातळी मात्र थंडीत पाहू नका, कंपनीनं दिलेल्या तापमानाला, इंजिन चालू ठेवून.

वॉरंटीसाठी रेडिएटरचं बिल आणि त्या फडक्याचा फोटो दोन्ही ठेवून द्या.