मदत हवी आहे: उपाध्यक्षपदाला हरलेल्यांपैकी तिसरं नाव कोणाचं घेऊ?

अमेरिकेत उपाध्यक्षपदाची निवडणूक हरलेल्यांवर लेख लिहितेय. फ्रँकलिन रूझवेल्ट १९२० मध्ये हरले, पुढच्याच वर्षी आजारात पाय लुळे पडले, तरी १९३२ मध्ये ते अध्यक्ष म्हणून निवडून आले. हे बहुतेकांना ठाऊक असतं.

मला जास्त ओढ आहे अर्ल वॉरन यांची. कॅलिफोर्नियाचे हे गव्हर्नर १९४८ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार थॉमस ड्युईंसोबत हरले, १९५३ मध्ये सरन्यायाधीश झाले आणि १९५४ मध्ये त्यांच्याच न्यायालयाने सरकारी शाळांतली वर्णावर आधारलेली विभागणी एकमताने घटनाबाह्य ठरवली! ते जिंकले असते तर?

यांच्या जोडीला तिसरं कोण घ्यावं? १९६८ चे एडमंड मस्की, १९७६ चे बॉब डोल की १९८४ च्या जेराल्डिन फेरारो? कारणासह सांगाल का? वॉरन यांच्यावर मराठीत काही वाचलं असेल तर तेही कृपया सुचवा.