बीटा वाचकाने वाक्यात हात घालावा का?

अर्धविराम: फॅनफिकला (आवडत्या कलाकृतीवरून चाहत्यांनी लिहिलेल्या कथेला) संपादक नसतो, ते काम बीटा वाचक करतो. (शब्द सॉफ्टवेअरवाल्यांकडून उसना. एओथ्री हे फॅनफिकचं संकेतस्थळ नोव्हेंबर २००९मध्ये सर्वांसाठी खुलं झालं तेही ‘बीटा’, म्हणजे चाचणी आवृत्ती म्हणूनच.) माझं मत असं की बीटाने फक्त शेरा लिहावा, वाक्य बदलू नये. हे बघा:

‘दार उघडंच होतं. ती थांबली. आत गेली नाही.’

बीटाचा हात फिरल्यावर: ‘दार उघडं असूनही ती थांबली आणि आत गेली नाही.’

व्याकरण दोन्हीकडे ठीक. पण त्या ‘असूनही’ने नवल आधीच फोडलं. अशी दहा वाक्यं झाली की प्रकरण बीटाच्या आवाजात बोलायला लागतं.

पान७: असहमत. ऱ्हस्व-दीर्घ आणि सुटलेल्या अनुस्वारांसाठीही शेरा? ४,००० शब्दांच्या प्रकरणात शंभरेक शेरे सहज होतात. मग लेखक पहिले वीस वाचतो, पुढचे नुसते मिटवत सुटतो, आणि कामाचा शेरा त्यातच वाहून जातो. त्यापेक्षा दोन फेऱ्या करा. पहिलीत कथानक आणि पात्रं, फक्त शेरे. दुसरीत शुद्धलेखन, तेही फाईलच्या प्रतीवर, थेट. क्रम उलटा केलात तर उद्या कापायच्या परिच्छेदातल्या वेलांट्या आज तपासत बसाल.

रात्रपाळी: दुसऱ्या फेरीला +१. पण पहिलीला एक बीटा पुरत नाही. कॅनन, म्हणजे मूळ कलाकृती, कोळून प्यालेला वाचक कथेतली भोकं नकळत स्वतःच बुजवतो, त्याला ती दिसतच नाहीत. मूळ कलाकृती न पाहिलेला एक जण हवाच. शिवाय एक तक्ता ठेवा: प्रकरण, दिवस, कोण कुठे, कोणाला काय माहीत. बहुतेक घोळ शेवटच्या रकान्यात होतात. गुपित तिसऱ्या प्रकरणात एकालाच कळलेलं असतं आणि सातव्यात भलताच त्यावरून टोमणा मारतो.

अर्धविराम: प्रतीवर शुद्धलेखन, मान्य. वाक्यरचना मात्र नाही. ‘इथे अडखळलो’ एवढं सांगा, दुरुस्ती लेखक करील. आणि बीटाने परिच्छेदच्या परिच्छेद नव्याने लिहिले तर तो बीटा राहत नाही, सहलेखक होतो.

पान७: मग तसं नाव द्या ना! एओथ्रीवर सहलेखकाला आमंत्रण पाठवता येतं, त्याने स्वीकारलं की दोघांची नावं लागतात.

रात्रपाळी: आमंत्रणाआधी हे लक्षात घ्या की सहलेखक कथा बदलू शकतो आणि काढूनही टाकू शकतो. उद्या बिनसलं तर? दोघांकडेही अख्खी प्रत असू द्या.

पान७: प्रत ठेवा, जरूर. पण काढून टाकण्याच्या भीतीने नाव न देता परिच्छेद वापरायचे आणि टीपेत ‘आभार’ लिहून मोकळं व्हायचं, ही शुद्ध फुकटेगिरी.

अर्धविराम: म्हणूनच म्हणतोय, परिच्छेद लिहून मागूच नका.