जुनी हँडलं १०२ मिमीची, बाजारात ९६ची. कशी बसवायची?

मोरजीकर
घर समुद्रापासून जवळ. स्वयंपाकघरात १३ शटर, ५ ट्रॉल्या. १८ मिमी प्लाय, दोन्हीकडून लॅमिनेट. हँडलांचा मुलामा फुगून सुटलाय, खाली पांढरी भुकटी. बजेट ३,००० रुपये, म्हणजे नगाला १६५ धरा. जुन्या भोकांतलं अंतर १०२ मिमी, पण म्हापशात दाखवतात ती ९६ नाहीतर १२८. ६ मिमीचा फरक जुळवून घेता येईल का? चवथीआधी सुतार मिळणं कठीण, ड्रिल घरात आहे.

सुतारपक्षी
९६ घेऊ नका. १०२ म्हणजे जुनं ४ इंची माप. आताची हँडलं ३२च्या पटीत येतात. ९६चं हँडल मधोमध धरलं तर नवं भोक जुन्यापासून जेमतेम ३ मिमीवर पडतं. बिट जुन्या भोकात घसरतो, दोन्ही मिळून लांबट भोक होतं आणि हँडल कायम डुगडुगतं. हट्टच असेल तर आधी भोक बांबूच्या काडीने फेविकॉल लावून भरा, २४ तास वाळू द्या (पावसाळ्यात ४८), मग नवं पाडा.

त्यापेक्षा १२८ घ्या. एक जुनं भोक तसंच वापरायचं, दुसरं त्याच्यापासून १२८वर, म्हणजे उरलेल्या जुन्या भोकाच्या २६ मिमी पुढे. ते उरलेलं भोक हँडलाच्या दांड्याखाली येतं. लॅमिनेटच्या रंगाचं वॅक्स किंवा पुट्टी भरली की लक्षात येत नाही. उभी हँडलं असतील तर कुठलं भोक ठेवायचं ते सगळ्या शटरांना एकसारखं ठरवा, नाहीतर ओळ वरखाली दिसते.

प्लायच्या पट्टीत १२८वर दोन भोकं पाडून साचा करा. जुन्या भोकातून स्क्रू घालून साचा शटरला धरला की दुसरं भोक आपोआप जागेवर येतं. तिथे मास्किंग टेप लावा, खिळ्याने बारीक खूण ठोका, मागून लाकडाचा तुकडा क्लॅम्पने घट्ट धरा. तो नसला तर बिट बाहेर पडताना मागचं लॅमिनेट टवके उडवतं. बिट ४.५ किंवा ५ मिमीचा, वेग कमी, हॅमर मोड बंद. हे शेवटचंच लोक विसरतात.

खारा_वारा
अंतराइतकाच धातूही बघा. तुमची पांढरी भुकटी म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव हँडलांवर क्रोम मुलाम्याखाली धरलेला जस्ताचा गंज. बारीक छिद्रांतून खारट ओल आत शिरते, जस्त खातं आणि मुलामा फुगतो. तीच चकचकीत जात पुन्हा आणली तर तेच होणार. ॲनोडाइज्ड (वर कठीण ऑक्साइडचा थर दिलेलं) ॲल्युमिनियम किंवा ३०४ ग्रेड स्टेनलेस मागा. लोहचुंबकाच्या चाचणीवर विसंबू नका, २०२ या हलक्या ग्रेडच्या स्टेनलेसलाही तो बहुधा चिकटत नाही आणि २०२वर खाऱ्या हवेत तांबूस ठिपके लवकर येतात. पाइपाच्या हँडलाचे पाय वेगळ्या धातूचे नाहीत ना, तेही बघून घ्या.

स्क्रूवर कंजुषी नको. पाकिटातले बहुधा मुलामा दिलेल्या साध्या लोखंडाचे असतात. ३६ लागतील, ४० घ्या: एम४ (४ मिमी जाडीचे), ३०४ ग्रेड, २५ मिमी. लॅमिनेटसह जाडी २० मिमी झाली तर हँडलात ५ मिमी आटे जातात. याहून कमी गेले तर दोन ओढण्यांत आटे सुटतात. ॲल्युमिनियमच्या हँडलात स्टेनलेस स्क्रू ओलीने जाम होतो, म्हणून आट्यांना किंचित व्हॅसलीन लावा.

मोरजीकर
एका ट्रॉलीचा दर्शनी भाग दुहेरी आहे, ३२ मिमी. तिथे काय?

सुतारपक्षी
४० मिमीचा स्क्रू. पण हँडलाचं भोक ८ मिमीपेक्षा उथळ असेल तर स्क्रू तळाला टेकतो आणि घट्ट झाल्यासारखा भासतो, हँडल मात्र हलत राहतं. तसं झालं तर आधी नट चढवा, मग लांबी कापा, आणि नट उलटा काढा. कापलेल्या टोकाचे आटे सरळ होतात.

नव्या भोकाच्या कडेला आतून कापसाने वॉर्निश फिरवा. उघडा प्लाय पावसाळ्यात ओल ओढतो.