मदत हवी आहे: चिनी नेतृत्वातले गट आता ओळखायचे कसे?

मंडळी, चीनच्या राजकारणावर बारीक नजर ठेवणारे इथे काहीजण आहेत, म्हणून विचारतोय.

माजी राष्ट्राध्यक्ष हू जिंताओंच्या काळापर्यंतचं गणित समजतं. एका बाजूला हूंच्या आधीचे नेते जियांग झेमिन यांची शांघायची माणसं, दुसऱ्या बाजूला कम्युनिस्ट पक्षाच्या युवक संघटनेतून वर आलेले हू, पुढे पंतप्रधान झालेले ली केकियांग वगैरे. पदं वाटताना दोघांनाही सांभाळून घ्यावं लागे. ऑक्टोबर २०२२ च्या पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात तो मामला आटोपला. सदुसष्टाव्या वर्षी राहता येतं, अडुसष्टाव्या वर्षी जायचं असा अलिखित संकेत होता. ली केकियांग आणि त्याच युवक गटातले मानले जाणारे वांग यांग दोघंही ६७ वर्षांचे, तरी पक्षाच्या मध्यवर्ती समितीतूनही बाहेर. युवक गटातलेच हू चुनहुआ जेमतेम ५९ वर्षांचे, त्यांचा पॉलिटब्यूरोतून (पक्षाच्या वरच्या नेत्यांच्या छोट्या मंडळातून) पत्ता कापला. आणि लष्करातले झांग योउशिया ७२ व्या वर्षी कायम! पंतप्रधानपदी वर्णी लागली ली कियांग यांची. उपपंतप्रधानपदाचा अनुभव शून्य, पण झेजियांग प्रांतात आताचे सर्वोच्च नेते शी जिनपिंग पक्षसचिव असताना हे त्यांच्या हाताखाली होते.

म्हणजे सगळेच शींच्या गोटातले. इथपर्यंत ठीक.

माझी गाडी अडते ती पुढे. परराष्ट्रमंत्री किन गांग जुलै २०२३ मध्ये पदावरून गेले, कारण जाहीर झालंच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात संरक्षणमंत्री ली शांगफूंचंही पद गेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये लष्करातले वेइदोंग (आडनाव ‘हे’) आणि मियाओ हुआ यांची पक्षातून हकालपट्टी झाली. हे दोघं फुजियान प्रांतातल्या एकतिसाव्या सैन्यगटातले, शींच्या मर्जीतले समजले जाणारे. वेइदोंग यांना तर शींनीच २०२२ मध्ये लष्करावर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्रीय लष्करी आयोगाचं उपाध्यक्षपद दिलं होतं. मग ही गटबाजी म्हणायची, भ्रष्टाचाराची साफसफाई, की आपल्याच माणसांवरचा अविश्वास?

हल्ली लेखांत ‘फुजियान गट’, ‘झेजियांग गट’, ‘शान्शी गट’ अशी नावं सर्रास येतात. मला शंका अशी की, कोण कुठल्या प्रांतात कधी नोकरीला होता एवढ्यावरच हे गट पाडले जातात. ही माणसं एकमेकांसाठी पदं मिळवतात, याला स्वतंत्र पुरावा काही आहे का?

दुसरं, नेमणुकांमध्ये नेमकं काय पाहायचं? एप्रिल २०२५ मध्ये पक्षाचा संघटन विभाग आणि संयुक्त आघाडी विभाग (पक्षाबाहेरच्या गटांशी संबंध सांभाळणारा) यांच्या प्रमुखांची चक्क अदलाबदल झाली. पक्षात कोणाला कुठे बसवायचं ते संघटन विभाग हाताळतो, त्यामुळे मला ही बातमी मंत्र्यांच्या हकालपट्टीपेक्षा मोठी वाटते. बरोबर आहे का?

यूट्यूबवरच्या ‘शींविरुद्ध उठाव’ छापाच्या लिंका कृपया नकोत, त्या भरपूर पाहून झाल्यात.