शिलालेख स्कॅन केला, पण रंग काढला की अक्षरंच गायब

धूळपाटी:
हातभर उंचीचा झिजलेला शिलालेख आहे. फोनवर थ्रीडी स्कॅनचं ॲप टाकून त्याच्याभोवती सावकाश फिरलो. मॉडेल झकास दिसतं. पण रंग बंद करून नुसता पृष्ठभाग बघितला तर अक्षरांच्या जागी लिंपल्यासारखं सपाट! फोनमध्ये लायडार (लेझरनं अंतर मोजणारा सेन्सर) आहे, तरी असं का? नेटवर सगळ्यांसाठी ठेवायचा विचार होता.

टाकीचेघाव:
रंग बंद करून बघितलंत हे फार बरं केलंत. बहुतेक जण रंगावरच भुलतात. तुम्हाला दिसत होती ती अक्षरं म्हणजे गुळगुळीत आकारावर चिकटवलेला फोटो. फोनच्या लायडारची पकड सेंटिमीटरच्या घरातली. खोली मोजायला ठीक, पण टाकीचा घाव एखाद-दोन मिलिमीटरचा, तो त्याला कुठून कळणार? १९९८-९९ मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी मायकलअँजेलोचा 'डेव्हिड' लेझरनं स्कॅन केला, तेव्हा साधारण पाव मिलिमीटरवर एक बिंदू धरला होता. छिन्नीच्या खुणा हव्या होत्या ना!

लायडार सोडा, फोटोग्रामेट्री करा, म्हणजे वेगवेगळ्या कोनांतून काढलेल्या बऱ्याच फोटोंवरून सॉफ्टवेअरनं आकार काढायचा. ढगाळ उजेड बघा, फ्लॅश नको, झूम नको, फोकस लॉक. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा दोन-तृतीयांश भाग यायला हवा. आणि सगळे फोटो समोरूनच काढू नका, तिरकेही घ्या. माझा पहिला दगड बशीसारखा वाकला होता तो याच चुकीनं. शेजारी मोजपट्टी ठेवा, नाहीतर मॉडेलला माप नसतं. अक्षरांत खडू मात्र भरू नका, कितीही मोह झाला तरी.

तिरपाउजेड:
फक्त वाचायचंच असेल तर कॅमेरा तिपाईवर पक्का ठेवून उजेड वेगवेगळ्या बाजूंनी पाडत फोटो काढा (या तंत्राला आरटीआय म्हणतात, रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग). खरं थ्रीडी नाही, पण झिजलेल्या अक्षरांना उत्तम.

टाकीचेघाव:
हो, ते राहिलंच. नेटवर ठेवण्याबद्दल: दगड ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी आधी, आणि परवाना स्पष्ट लिहा. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेनं २०२० मध्ये आपली कितीतरी थ्रीडी मॉडेल्स सीसी-झिरोखाली (कुणीही, कशासाठीही वापरा, अशी मुभा) सरळ मोकळी केली. उलट बर्लिनच्या संग्रहालयाचं इजिप्तची राणी नेफर्तिती हिच्या पुतळ्याचं स्कॅन २०१९ मध्ये बाहेर आलं, तर मॉडेलच्या तळावर परवाना कोरलेला! मूळ फोटो काही झालं तरी पुसू नका. उद्या सॉफ्टवेअर सुधारलं की त्याच फोटोंतून जास्त बारीक मॉडेल निघतं.

धूळपाटी:
१६४ फोटो काढले, रात्रभर मेशरूम (फोटोंतून मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवलं. अक्षरं उठली! तिसऱ्या ओळीत मी काना समजत होतो ती दगडाची चीर निघाली. फाईल मात्र ९० लाख त्रिकोणांची (मॉडेलचा पृष्ठभाग त्रिकोण जोडूनच बनतो), ब्राउझर गुदमरतो.

टाकीचेघाव:
बघायला हलकी प्रत ठेवा, जड फाईल डाउनलोडला वेगळी. ओबीजे (नुसत्या आकाराची फाईल) देणार असाल तर सोबतची एमटीएल (रंगाचं चित्र कुठलं ते सांगणारी फाईल) आणि रंगाचं चित्र त्याच झिपमध्ये घाला, नाहीतर लोकांना पांढरा दगड दिसेल. आणि ती चीर वर्णनात लिहा.