पीएचडी चालू असताना सरकारात सायन्स पॉलिसीची फेलोशिप मिळते काय?

कृष्णाकाठची
नमस्कार सगळ्यांना. मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, नेट परीक्षेतनं मिळणारी जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप आहे, विषय क्षारपड जमिनी. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, रायबाग, चिकोडी ह्या पट्ट्यात उसाला पाणी पाजून पाजून ज्या जमिनी पांढऱ्या पडल्यात त्या. मातीचे नमुने घ्यायला गेलं की शेतकरी एकच विचारतात, बाई हे तपासून पुढं काय, सरकारला कोण सांगणार? आणि माझ्याकडं उत्तर नसतंय. पेपर छापला तरी तो कुठल्या ऑफिसात पोचत नाही हे आता दिसायलंय, म्हणून पॉलिसीच्या बाजूला काम करायचं मनात पक्कं झालंय, दिल्लीत जिथं निर्णय होतात तिथं. अमेरिकेत एएएएस ह्या शास्त्रज्ञांच्या संस्थेची फेलोशिप आहे म्हणे, शास्त्रज्ञ थेट सरकारात बसतात. आपल्याकडं पीएचडी करणाऱ्यांना असं काय हाय काय? वय 28. शाळा मराठी माध्यमाची, कन्नड बोलते पण लिहिताना अडते. गाईडना अजून सांगितलेलं नाही.

निपाणीवाला_दिल्लीत
ताई, सरळ सांगतो, म्हणजे फॉर्म भरण्यात वेळ जायला नको. एएएएसची फेलोशिप 1973 पासून आहे, पण तिला पीएचडी पूर्ण लागते आणि नागरिकत्व अमेरिकेचं, तो विषय सोडा. आपल्याकडची लॅम्प, म्हणजे खासदाराबरोबर काम करायची, ती चांगली आहे पण वय 25 पर्यंतच. महाराष्ट्राची मुख्यमंत्री फेलोशिप 21 ते 26. म्हणजे बहुतेक पीएचडीवाले तिसऱ्या वर्षाला येईपर्यंत दोन्हीतून बाहेर. पीएचडी झाल्यावर मग डीएसटीची, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान खात्याची, सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च आहेत, आपल्याला जवळचं बेंगळुरूच्या आयआयएससी ह्या विज्ञान संस्थेतलं, तिथं पोस्टडॉक पातळीवर पॉलिसीचं काम करता येतं. मधल्या काळात तुमच्यासारख्यांना उघडं दार एकच मोठं, नीती आयोगाची इंटर्नशिप. रिसर्च स्टुडंट चालतात, कमीत कमी 6 आठवडे, जास्तीत जास्त 6 महिने. पैसे मिळत नाहीत आणि दिल्लीत खोलीचं भाडं स्वतःच भरायचं, हे घरी आधी बोलून घ्या. विद्यापीठाची एनओसी लागते.

खानापूरची_मॅडम
वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय, फक्त एनओसी हा शब्द वाटतो तेवढा सोपा नाही ग. जेआरएफचे पैसे येतात ते पूर्णवेळ संशोधनाचे, त्यावर दुसरी पगारी फेलोशिप घेता येत नाही. त्यामुळं बिनपगारी इंटर्नशिपच बसते, आणि तीही गाईडनी हा रिसर्चचाच भाग आहे असं लेखी दिलं तर. माझ्या वेळी डिपार्टमेंटनं सही करायला एवढा वेळ लावला की तारीखच गेली, त्याचं अजून वाईट वाटतं. तू गाईडना आधी सांग, लपवू नकोस, आणि प्रोग्रेस रिपोर्टची तारीख सोडून मधले आठवडे माग.

आणखी एक मनापासून बोलते. ब्रिटनमध्ये यूकेआरआयच्या, म्हणजे संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, पैशावर पीएचडी करणाऱ्यांना 3 महिने पार्लमेंटात किंवा सरकारी खात्यात पाठवतात, स्टायपेंड चालू राहतं आणि पीएचडीची मुदत तेवढे महिने पुढं ढकलतात. हे आपल्या यूजीसीला का जमू नये? जादा पैसेसुद्धा फार लागत नाहीत, नियमात दोन ओळी घालाव्या लागतात. आपली पोरं नियमापायी गप बसतात.

टिळकवाडी_काका
बाळ, माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली म्हणून लिहितो. दिल्लीला जा, नको म्हणत नाही, पण तुझा विषय कुणाच्या हातात आहे ते आधी बघ. शेती आणि पाणी हे राज्याचे विषय. क्षारपडची फाईल नीती आयोगात फिरत नाही, ती फिरते काडाच्या, म्हणजे लाभक्षेत्र विकास प्राधिकरणाच्या, ऑफिसात, कृषी खात्यात आणि शेवटी बेंगळुरात.

आता तुझ्याच विषयातलं बघ. जमीन खारी असेल, म्हणजे ईसी, क्षाराचं माप, 4 च्या वर, तर तिला निचरा पाहिजे, जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून खारं पाणी बाहेर काढायचं. चोपण असेल, पीएच 8.5 च्या वर आणि सोडियम जास्त, तर जिप्सम पाहिजे, आणि त्याच्या जोडीला निचराही. पण शेतकऱ्याला दोन्ही पांढरीच दिसते, आणि सबसिडीचं जिप्सम आलं की सगळेच उचलतात. खाऱ्या जमिनीत जिप्सम टाकून काय होणार, पोती वाया. कुठल्या गावात खारी किती आणि चोपण किती हे सांगणारा नकाशा तुझ्या थिसिसमध्ये असणार की ग! तोच ऑफिसरला पाहिजे असतो, पण 200 पानांत पुरलेला नको. दोन पानं कर. पहिल्यावर गावांचा नकाशा, दुसऱ्यावर तीन गोष्टी, एकर किती, एकरी खर्च किती, पाईप तुंबले तर पुढं कोण बघणार. हा तिसरा प्रश्न कुठलाच शास्त्रज्ञ लिहीत नाही आणि फाईल तिथंच अडते. सच्छिद्र पाईप एकट्याच्या रानात घालून भागत नाही, पाणी शेजाऱ्याच्या बांधावरून नाल्यापर्यंत न्यावं लागतं, म्हणून गट लागतो. पलीकडं शिरोळ तालुक्यात साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी मिळून हे करून दाखवलंय, तिथं जाऊन बघून ये.

आणि नोट कन्नडमध्ये पाहिजे. सीमाभागात ह्यावरनं मनं दुखतात हे मला ठाऊक आहे, मीही मराठी शाळेतलाच, पण शेत खारं झालंय ते मराठी माणसाचंही आणि कन्नड माणसाचंही. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, अख्खं सरकार हलग्याला येतं. त्याच्या आधी तुमच्या आमदाराच्या पीएला नोट दे, त्यावरनं प्रश्न विचारला गेला की खात्याला लेखी उत्तर द्यावंच लागतं.

कृष्णाकाठची
काका, मॅडम, दादा, खूप आभार. गाईडना सोमवारी सांगते. दिल्ली सोडत नाही, पण नकाशा आधी वेगळा काढते. काका, एकरी खर्च कुठला धरू, शिरोळचा की आपल्याकडचा अंदाज?

टिळकवाडी_काका
शिरोळमध्ये प्रत्यक्ष झालेला खर्च घे, अंदाज नको, ऑफिसर पहिल्यांदा तोच खोडतो. कुठल्या वर्षीचा दर ते शेजारी लिही. कन्नड मी तपासून देतो, मसुदा इथंच टाक.