पॉइंट टू-टू रायफलीत पुंगळी (उडालेल्या गोळीचं रिकामं टरफल) अडकायलीय, कुणाला अनुभव?

जांबोटीकडचा:
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अलीकडं आमचं गाव. आज्ज्याच्या वेळची पॉइंट टू-टू (.२२ इंची नळीची) सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर गोळीनंतर पुढची आपोआप भरणारी रायफल घरात आहे, परदेशी बनावटीची, दहा गोळ्यांचं मॅगझीन. लायसन आज्ज्याकडनं बाबांकडं आणि बाबांकडनं माझ्याकडं आलं. आधीच सांगतो, डुकरं मारायचा विषय नाही. महिन्यातनं एकदा रेंजवर जाऊन कागदाला भोकं पाडतो, तेवढंच.

२०२४च्या लोकसभेला आचारसंहिता लागली तेव्हा, मार्चमध्ये, ती ठाण्यात जमा केली. ४ जूनला निकाल लागला, पण रायफल हातात येईपर्यंत मृगाचा पाऊस सुरू. आमच्याकडचा पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको, भिंतीला शेवाळ धरतंय. त्यात शहाणपणा माझाच, मी ती गोणपाटात गुंडाळून दिली होती. परत आली तेव्हा बोल्टवर, म्हणजे गोळीमागं पुढंमागं सरकणाऱ्या लोखंडी तुकड्यावर, तांबूस पूड. पुसली, तेल दिलं, दसऱ्याला पूजा झाली. डिसेंबरात रेंजवर नेली तर दहातल्या तीन-चार गोळ्यांना अडकायला लागली. गोळी सुटते, बोल्ट मागं येतो, पण पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी खिडकीत उभी राहते, गुऱ्हाळाच्या धुराड्यासारखी. कधी पुंगळी चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते तिथं) राहते आणि मागची गोळी तिच्या बुडावर येऊन धडकते.

एका दुकानदारानं न उघडताच सांगितलं, "एक्स्ट्रॅक्टर गेलाय, नवा टाकावा लागंल, पार्ट मिळंल याची गॅरंटी नाही." एक्स्ट्रॅक्टर म्हणजे पुंगळी ओढून काढणारी बोल्टवरची नखी. आता एवढ्या जुन्या रायफलीचा पार्ट मी आणू कुठनं? आणि एक गंमत बघा, सकाळी आठला जास्त अडकते, बारानंतर कमी. कुणी सांगंल काय?

चंदगडी_भावड्या:
सोपं आहे मित्रा. बोल्टमागची स्प्रिंग कडक झालीया. दोन वेढे काप, बोल्ट मोकळा पळंल. माझ्या मावसभावानं छऱ्याच्या बंदुकीला (एअरगन) असंच केलंय.

निवृत्त_आर्मरर_हिंडलगा:
चंदगडच्या पावण्याचं अजिबात ऐकू नको. मी बटालियनमध्ये आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो, २४ वर्षं हेच केलं.

या रायफलीत बोल्टला कुलूप नसतंय. दाबानं गोळी पुढं जाते आणि त्याच दाबानं पुंगळी बोल्टला मागं रेटते. तोवर चेंबर झाकून धरायचं काम बोल्टचं वजन आणि स्प्रिंग, एवढंच करतंय. स्प्रिंग कापलीस तर नळीत दाब असतानाच बोल्ट उघडंल. पॉइंट टू-टूची पुंगळी पातळ, फुटली की पितळेचं कुसळ डोळ्यात. छऱ्याच्या बंदुकीत पुंगळीच नसते, तिथला सल्ला इथं कशाला?

दुकानदाराचं पण मला पटत नाही. एक्स्ट्रॅक्टर सकाळी झिजलेला आणि दुपारी धड, असं असतंय काय? आता मला एवढं सांग: तेल कुठलं लावलंस? गोळ्या कुठल्या? आणि न उडालेली गोळी हातानं बोल्ट ओढून बाहेर काढलीस तर सरळ येते काय? ही तपासणी घरात नाही करायची. रेंजवर, नळी टार्गेटकडं, बोट चापाच्या बाहेर.

जांबोटीकडचा:
काका, रविवारी करून बघितलं. जिवंत गोळी हातानं ओढल्यावर दहाच्या दहा वेळा बाहेर आली. म्हणजे एक्स्ट्रॅक्टर जिवंत आहे म्हणायचा.

गोळ्या दोन जातीच्या आहेत. एका डबीवर मॅच लिहिलंय, दुसरीवर हाय व्हेलॉसिटी. मॅगझीनमध्ये मिसळूनच भरतो, मला वाटलं काय फरक पडतोय.

तेलाचं विचारलंत ते... खोबरेल. आई डोक्याला लावते तेच. आज्जा पण तेच लावायचा म्हणून मी पण लावलं, आणि गंज बघून जरा सढळ हातानंच लावलं.

कोल्हापूरची_नेमबाज:
दादा, गोळ्यांचं मी सांगते, मी ५० मीटर मारते. मॅचची, म्हणजे स्पर्धेची गोळी मुद्दाम हळू असते, सेकंदाला साधारण ३२५-३३० मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या आत. तेवढ्यात तिचा नेम स्थिर राहतो. हाय व्हेलॉसिटी ३७०-३८०च्या घरात जाते. आमच्या रायफली बोल्ट-ॲक्शन, एकेक गोळी हातानं भरायची आणि पुंगळी पण हातानंच ओढून काढायची, त्यामुळं आम्हाला हळू गोळीचा काही त्रास नाही. आमच्या राधानगरीतल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं ते याच पॉइंट टू-टूवर, ५० मीटर थ्री पोझिशनला. पण तुमच्या सेमी-ऑटोला बोल्ट मागं ढकलायला जोर लागतो, आणि तो फक्त गोळीतनंच मिळतो. मॅचच्या गोळीवर बोल्ट अर्ध्यात दमला की पुंगळी खिडकीत चिमटते. दोन जाती मिसळू नका, कुठली अडकली ते कळणारच नाही.

निवृत्त_आर्मरर_हिंडलगा:
पोरीनं बरोबर सांगितलं. आता खोबरेल. बाथरूममधली बाटली डिसेंबरात सकाळी बघितलीस काय? चोवीस अंशाच्या खाली ते थिजतंय. रात्रभर थंडीत राहिलेल्या रायफलीत बोल्टच्या वाटेवर मेणबत्ती लावल्यासारखं झालं. उन्हं वर आली की ते पातळ होतंय आणि तुझी रायफल सुधारते. जुनं झालं की त्याचा चिकटा होतो तो वेगळाच. आज्जा लावत असंल, पण आज्जा दर आठवड्याला पुसत पण असंल.

आता साफसफाई. आधी मॅगझीन काढ, मग बोल्ट ओढून चेंबर बघ, बोट घालून पण बघ. हाच क्रम. मॅगझीन आत ठेवून बोल्ट ओढलास तर बोल्ट पुढं जाताना नवी गोळी चेंबरमध्ये घेऊन जातो. माणसं तिथंच फसत्यात.

बोल्ट बाहेर काढून पेंटच्या दुकानातल्या टर्पेंटाइननं धू. बाहेर अंगणात, चूल-बिडीपासनं लांब. एक्स्ट्रॅक्टरच्या नखीखाली दाताच्या काडीनं खरवड, सुई किंवा पोकर घालू नको. नखीखाली तांदळाच्या कणीएवढा मळ बसला तरी ती पुंगळीची कड नीट धरत नाही. पॉइंट टू-टूची गोळी मुळात घाण. शिशावर मेण लावलेलं असतं, ते जळून काजळीबरोबर चेंबरच्या तोंडाशी कडं धरतंय. जिवंत गोळी सैल असते म्हणून हातानं येते, पण उडाल्यावर पुंगळी फुगून त्या कड्याला चिकटते. पितळी ब्रशनं चेंबर घास, मग कोरडी चिंदी. तुझ्या रायफलीत मागनं सरळ गज जात नसंल तर फुलथ्रू दोरी (नळीतनं चिंदी ओढायची) वापर. पुढनं गज घालून नळीचं तोंड झिजवू नको, नेम तिथंच असतोय.

आणखी एक. दसऱ्याला पोरं रिकामी रायफल घेऊन खटाखट चाप ओढत्यात. पॉइंट टू-टूत पिन पुंगळीच्या कडेवर मारते, गोळी नसली तर ती चेंबरच्या काठावर आपटते आणि तिथं बारीक डंख (धातूचा उंचवटा) उठतो. त्यात पुंगळी अडकते. कान साफ करायच्या कापसाच्या काडीनं काठ पूस, कापूस कुठं धरला तर डंख आहे. तसं निघालं तर कानस लावू नको, लायसनवाल्या कारागिराकडं ने. मॅगझीनचे ओठ पक्कडीनं दाबायचं पण कुणी सांगंल, ते पण नको.

धुतल्यावर शिलाई मशीनचं तेल, बोटावर एक थेंब, पूर्ण बोल्टला तेवढंच. चेंबर कोरडंच ठेव. आणि एखाद्या गोळीचा आवाज फुस्स आला तर पुढची मारू नको. रिकामी करून नळीत उजेड दिसतो काय ते बघ, शिसं मध्येच अडकलेलं असू शकतंय.

चंदगडी_भावड्या:
काका, स्प्रिंगचं मागं घेतो. मावसभावाला पण सांगतो.

जांबोटीकडचा:
मंडळी, निकाल सांगायला आलोय. बोल्ट धुतला तर टर्पेंटाइन आधी पांढरं-गढूळ, मग चक्क लाल झालं. मला आधी गंजच वाटला. मग नखीखाली काडी घातली तर गुळाच्या काकवीसारखा चिकटा निघाला, आणि त्याला वास आला तो ओळखीचा. कुंकू! खंडेनवमीला आई रायफलला हळद-कुंकू वाहते, अक्षता टाकते, वर नारळाच्या पाण्याचा हबका. बोल्टची खिडकी उघडीच असणार, सगळं आत. एक अख्खी अक्षता पण मिळाली, मॅगझीनच्या तळाशी.

कापसाची काडी कुठं धरली नाही, तेवढं नशीब. मशीनचं तेल लावलं आणि काल सकाळी आठलाच, हुडहुडी भरायल्या थंडीत, रेंजवर गेलो. हाय व्हेलॉसिटीच्या चाळीस गोळ्या, एकपण अडकली नाही. मॅचच्या दहा वेगळ्या मारल्या, त्यातल्या दोन खिडकीत उभ्या राहिल्या. म्हणजे ताई, तुमचं पण खरं.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग शस्त्राला कुंकू लावायचं नाही काय?" शेवटी असं ठरलंय की यंदा रायफल पिशवीत, चेन बंद, आणि कुंकू पिशवीला. नारळ उंबऱ्याबाहेर.